गाडी मालकासकट मिळेल

२ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं लिहून झालंय असं समज आणि थेट पुढं वाच. फोनवर आपण मुद्द्यावर यायच्या आतच भांडायला लागतो, म्हणून पत्र लिहितोय. शिवाय इथला फोन अप्पांच्या खुर्चीला खेटून आहे, आणि अप्पांचे कान अजून शाबूत आहेत.

घर आवरायला मी अप्पांकडे राहायला येऊन आठवडा झाला. घरमालकाला महिनाअखेर घर रिकामं हवंय आणि या खेपेला तो बधणार नाही. माळा आवरला, स्वयंपाकघर आवरलं. आईचं जे काही होतं ते तू मागेच नेलंस, त्यामुळे तिथं हात फारसा अडला नाही. आता उरली ती गॅरेजमधली गाडी आणि उरले अप्पा. त्यांचं म्हणणं एकच आहे. "आधी गाडी जाईल, मग मी हलेन. आणि गाडी वाजवी भावातच जाईल." वाजवी म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाले, "तेच तर काढायचंय."

ज्या माणसानं जन्मभर विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, चेपलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या किमती काढल्या, त्याला स्वतःच्या गाडीची किंमत काढता येईना. परवा त्यांनी कंपनीच्या पद्धतीनं घसारा काढला. दरवर्षी इतके टक्के वजा, पुन्हा रंगाचे वजा, टायरचे वजा. असं करत करत गाडी शून्याच्या खाली गेली. म्हणजे जो कोणी ती नेईल त्याला आपणच पैसे द्यायचे. हे अप्पांना पटेना आणि गणितात चूकही सापडेना, म्हणून दुपारी जेवलेच नाहीत.

काल त्यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. अशी टू-सीटर आता कुणाकडे उरलीय, छत मूळचं, इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतोय, चाकांच्या तारा मूळच्या. एकेका गोष्टीचे पैसे चढवत गेले आणि संध्याकाळी गाडी या घरापेक्षा महाग झाली. त्यावर खूश होऊन त्यांनी दोन वेळचं एकदम खाल्लं.

बाहेर विचारावं तर आणखी गोंधळ. मेकॅनिक सात लाख म्हणतो. जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी अकरा म्हणतो, पण तो घेणार नाही, नुसता म्हणतो. शेजारचे काका दोन म्हणतात, आणि त्यात गॅरेजमधलं शेल्फही हवंय. शेवटी मी रविवारच्या पेपरात छोटी जाहिरात द्यायचं ठरवलंय. मजकूर असा आहे: "जुनी स्पोर्ट्स कार, टू-सीटर, उत्तम स्थितीत, एकाच मालकाची. गाडी मालकासमक्ष पाहायला मिळेल." शब्दाला पैसे लावतात, तेव्हा एखादा कमी करता आला तर करीन. किंमत छापू का? छापली तर किती?

राहता राहिला प्रश्न अप्पांनी कुणाकडे राहायचं याचा. माझ्याकडे आले तर मला आनंदच आहे. फक्त माझ्या फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीला तो लोखंडी गोल जिना आहे आणि त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. तू बघ.

बाळ्या


६ मार्च

बाळ्या,

पत्र मिळालं. जिन्याचं कारण झकास आहे. जागा घेतलीस तेव्हा हाच जिना आम्हाला दोनदा चढवून, दोनदा उतरवून कौतुकानं दाखवला होतास.

किंमत छापू नकोस. तोंडी नऊ सांग आणि साडेसाताला थांब. आमचे हे म्हणतात की आधी आकडा बोलायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. ह्यांनी आयुष्यात माशांशिवाय काही घासाघीस करून घेतलेलं नाही, तरी म्हणतात.

अप्पांशी भावावरून वाद घालू नकोस. मी ओळखून आहे त्यांना. कुणी पटकन हो म्हटलं तर त्यांना वाटणार, आपण कमी सांगितला. कुणी नाही म्हटलं तर वाटणार, जास्त सांगितला. त्यांना थोडी कुरकुर करून घेणारा माणूस लागतो. तसा शोध.

अप्पा इथं आले तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार आहे? पण तिसऱ्या खोलीत ह्यांच्या माशांच्या काचपेट्या आहेत, भिंतभर. पाण्याचं तापमान एका अंशानं हललं तरी हे रजा टाकतात. दिवसभर पंप गुरगुरत असतो. त्यात म्हाताऱ्या माणसाला झोप कशी लागायची? आणि मी कचेरीतून येते संध्याकाळी. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर दिवसभर लोकांच्या छत्र्या आणि पिशव्या सांभाळून जीव विटतो माझा. मी कारणं सांगत नाहीये, तुला कल्पना असावी म्हणून लिहिलं.

तुझ्या जिन्याला कठडा लावून घेता येईल का? विचारून ठेव.

ताई


११ मार्च

ताई,

बस आधी. बसलीस? आता वाच.

जाहिरात छापून आली ती अशी: "जुनी स्पोर्ट्स कार, टू-सीटर, उत्तम स्थितीत. गाडी मालकासकट मिळेल."

दोष निम्मा माझा आहे. पैसे वाचवायला मी "एकाच मालकाची" आणि "पाहायला" हे शब्द काढले होते. जाहिरात फोनवर सांगितली तेव्हा माझी दाढ ठणकत होती आणि गालात लवंग होती. मी "समक्ष" म्हटलं, पलीकडच्या मुलीला "सकट" ऐकू आलं. तिनं वाचूनही दाखवलं म्हणे. मी हूं हूं केलं.

सकाळपासून फोनची घंटा थांबली नाही. पहिल्या माणसानं विचारलं, "मालक चालू स्थितीत आहेत का?" मला वाटलं, घाईत शब्द चुकला. म्हटलं, "हो, रोज सकाळी फेरी मारतात." त्यानं विचारलं, "धूर?" म्हटलं, "सोडला, बरीच वर्षं झाली." मग एका बाईंनी मालक रात्री आवाज करतात का ते विचारलं आणि शनिवारी बघून जाते म्हणाल्या. एकानं तर आत जाऊन बायकोला विचारलं, परत आला नि म्हणाला, "आमच्याकडे एक आहेत आधीचे, दुसरे ठेवायला जागा नाही. गाडी सुटी मिळेल का?" कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, ताई. मलाच वाटायला लागलं की आपण उगाच बावरतोय.

दुपारी माझा डोळा लागला आणि एक फोन अप्पांनी घेतला. जागा झालो तेव्हा ते अगदी शांतपणे बोलत होते. "नुसत्या गाडीचे किती? सात. आणि मालकासकट? पाच. बरं. का, ते सांगता येईल?" पलीकडच्यानं काय कारणं दिली कळलं नाही. अप्पा मधूनमधून "रास्त आहे," म्हणत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "बाळ्या, मी दोननं उणा आहे."

मी हसलो. ते नाही हसले. आपला चष्मा पुसून गॅरेजमध्ये गेले, ते आरसा घेऊन. त्यानंतर तिथून खुडबुड ऐकू येतेय, पण दार आतून लावलंय.

बाळ्या


१४ मार्च

बाळ्या,

आधी पेपरवाल्यांना सांगून दुरुस्ती छापून आण. मग त्या दाढेचं काही तरी कर. आपल्या बापाला पेपरात विकायला काढलंस, आता लोकांना तोंड काय दाखवायचं? माझ्या कचेरीतल्या एकीनं ती जाहिरात कापून खिडकीवर चिकटवलीय. ती आपल्याच घरची आहे हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "मालकासकट पाच? वाईट नाही." मी दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी माझ्याच मनात आलं की जो माणूस पाच द्यायला तयार होता, त्याच्याकडे खोली केवढी असेल. मग मी स्वतःशीही बोलले नाही.

दोननं उणा म्हणजे काय? त्या मेल्याचा नंबर असेल तर मला कळव.

ताई


१५ मार्च

चि. ताई,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, माझी पाहणी पूर्ण झाली आहे. तुझा भाऊ हसतो, म्हणून तुला लिहितो. तुला लहानपणापासून आकडे समजतात.

बाजारात माझ्यामुळे गाडीचा भाव उतरतो असं आढळून आलं. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या गाड्यांचे भाव उतरवले, तेव्हा यात रागावण्यासारखं काही नाही. पण उतार वाजवी आहे की नाही हे तपासणं माझं काम आहे. म्हणून गाडीला जे निकष लावतो तेच स्वतःला लावले.

सांगाडा सरळ, डावीकडे किंचित कललेला. पुढचे दोन्ही दिवे बदललेले, मोतीबिंदूनंतर. काम चांगलं झालंय, पण ओरिजिनल म्हणता येणार नाहीत. दात खालचे मूळचे, वरचे बाजारातले. गुडघे थंडीत उशिरा सुरू होतात, एकदा तापले की कुरकुर नाही. इंधन कमी लागतं. आवाज आहे, पण तो या मॉडेलचा स्वभावच आहे. अपघात एकच, तुझी आई गेली तो. बाहेरून दिसत नाही, पण पाहणी करणाऱ्यानं तो लपवू नये.

एवढं सगळं धरूनही दोन लाखांचा उतार मला जास्त वाटतो. पण माझंही मत एकतर्फी असू शकतं. म्हणून दुसरा अंदाज हवा. तू आणि बाळ्या माझ्यावरून फोनवर बोलता ते मला ऐकू येतं. कोण कुणाकडे ढकलतंय ते मी धरून बसलेलो नाही, जागेची अडचण खरी असते. फक्त एक विचारतो. गाडी बाजूला ठेव. नुसता मालक ठेवून घ्यायचा झाला तर तू किती मागशील? सरळ आकडा लिही. मी रडणाऱ्या लोकांपुढे आकडे बोललो आहे, मला आकड्याचं वाईट वाटत नाही.

जावईबापूंना आणि माशांना विचारल्याचं सांग.

अप्पा


१८ मार्च

बाळ्या,

सोबत अप्पांचं पत्र पाठवतेय, वाच आणि मला सांग यावर काय लिहू.

मी बसले होते लिहायला. शून्य लिहिलं तर अप्पा म्हणणार, फुकट आहे म्हणजे माझी किंमतच नाही. काही आकडा लिहिला तर म्हणणार, एवढं ओझं आहे होय माझं. थोडा लिहिला तर वाटणार मी मन राखलं, मोठा लिहिला तर वाटणार संधी साधली. आकडा कुठला धरू? वाजवी भाव काढणं किती अवघड असतं ते मला आज कळलं, आणि माझ्यासमोर गाडीसुद्धा नाही.

आईविषयीचं ते वाक्य वाचून मी कचेरीतच रडले. एक बाई छत्री न्यायला आली होती, ती म्हणाली, "सापडेल हो, नका रडू."

खरं सांगते, मला अप्पांची भीती वाटते. ते आल्यावर घरात मी पुन्हा दहावीतली होईन आणि माझ्या प्रत्येक भाजीची पाहणी होईल. आणि ते आपल्याकडे नको म्हणून मी मासे पुढं केले, याची लाज वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

लगेच उत्तर पाठव. फोन करू नकोस, तिकडे कान आहेत.

ताई


२१ मार्च

ताई,

अप्पांना अजून काही लिहू नकोस, कारण इथं गिऱ्हाईक आलंय. माझ्या स्टुडिओजवळच्या चौकातला चष्मेवाला. दुकान मोठं आहे त्याचं, रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच. जाहिरात घेऊन आला आणि मला म्हणाला, "दोन्ही दाखवा."

गाडीभोवती एक फेरी मारली. मग अप्पांभोवती एक मारली. अप्पा कोट घालून उभे होते. त्याला म्हणाले, "बॉनेट उघडून दाखवू?" तो म्हणाला, "राहू द्या. काकांचं नाक फार चांगलं आहे. फ्रेम घसरणार नाही."

त्याला गाडी दुकानाच्या काचेत उभी करायचीय आणि रोज संध्याकाळी तिच्यात अप्पांना बसवायचंय, दर थोड्या वेळानं नवा चष्मा घालून. अप्पांनी पेन काढलं.

"नुसत्या गाडीचे किती?"

"सहा."

"माझ्यासकट?"

"नऊ."

अप्पांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं त्यांना घेरी येतेय. "हे वरचे तीन कशाचे?" त्यांनी विचारलं.

"गाडी बघून लोक पुढं जातात, काका. गाडीत माणूस असला की थांबतात."

"मग पुतळा का नाही बसवत?"

"बसवला होता. चष्मा घातला तरी लोकांना कळतं की त्याला काही दिसत नाही."

अप्पा म्हणाले, रास्त आहे. दुकानामागं एक खोली आहे, जिना नाही, मासे नाहीत. तीही देतो म्हणाला तो. अप्पांनी दोन दिवसांची मुदत मागितली. तो गेल्यावर गॅरेजमधल्या स्टुलावर बसले नि म्हणाले, "बाळ्या, उणे दोनावरून अधिक तीन. दहा दिवसांत. असा चढ मी कुठल्याही गाडीत पाहिला नाही." मग आत जाऊन सगळे शर्ट इस्त्रीला काढले.

ताई, आधी मला हायसं वाटलं. घर रिकामं होतंय, गाडी जातेय, अप्पांची सोय होतेय, तुझ्यामाझ्यातलं भांडण मिटतंय. चहा टाकला आणि पाणी उकळेपर्यंत डोळ्यांसमोर चित्र आलं. मी पासपोर्टचे फोटो द्यायला बाजारात गेलोय, चौकात सिग्नल लागलाय, आणि काचेत अप्पा बसलेत, हातात स्टेअरिंग, डोळ्यांवर कसलातरी हिरवा चष्मा. ते मला बघतात आणि हात करत नाहीत, कारण कामावर आहेत. मी चहा ओतून दिला.

त्यांना हे नको म्हणायचं कसं? बाजारात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी जास्त दिलंय. मी "जाऊ नका" म्हटलं तर म्हणतील, "तुझा आकडा सांग."

बाळ्या


२३ मार्च

अप्पा,

नमस्कार. तुम्ही सरळ आकडा मागितला होता, तो देते. गाडी मालकासकट साडेनऊ. माझ्यातर्फे ही पक्की बोली समजावी. चष्मेवाल्याला कळवून टाका की वरचं गिऱ्हाईक आलंय.

तुमची पाहणी मी दोनदा वाचली. तुम्ही गुडघे, दिवे सगळं धरलंत, पण एक निकष राहिला. मॉडेल अजून बाजारात मिळतं का? मी सगळीकडे बघितलं, मिळत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या भावावरून तुमचा भाव काढताच येणार नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय.

तुम्ही आलात तर आपली भांडणं होतील. मी आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर ते लपवलं असं व्हायला नको. तरी मला तुम्ही इथं हवे आहात. काचेत बसलेले नको आहात.

तुमची
ताई

ता. क. गाडी ठेवायला माझ्याकडे जागा नाही. ती जिन्याखाली मावेल का, ते हे मोजताहेत.


२५ मार्च

ताई,

तू साडेनऊ बोललीस? मला एका शब्दानं न कळवता? अप्पांनी ते पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दहा म्हटलं. घास तोंडात होता, पण म्हटलं.

जिन्याला कठडा लावून घेतोय. बायको म्हणते, खालीच स्टुडिओत पडद्यामागं पलंग टाकू, तिथं जिना लागतच नाही. इतके दिवस हे आम्हाला का सुचलं नाही, देव जाणे.

बाळ्या


२६ मार्च

बाळ्या,

साडेदहा. पैसे कुठून आणणार आहेस तू? पडद्यामागं पलंग म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या फोटोत अप्पांचे पाय येतील.

ताई


२७ मार्च

ताई,

तू कुठून आणणार आहेस? अकरा.

बाळ्या


२८ मार्च

बाळ्या,

हे म्हणतात की अप्पांनी पैसे घेतले तरी शेवटी ते फिरून आपल्या दोघांकडेच यायचे, मग कितीही बोललं तरी खर्च तोच. बारा. ह्यांनी माशांच्या पेट्या विकायची जाहिरात दिलीय. मी स्वतः लिहून दिली आणि प्रत्येक शब्द दोनदा तपासला.

ताई


२९ मार्च

चि. ताई आणि चि. बाळ्या,

अनेक आशीर्वाद. मजकूर एकच आहे, म्हणून मध्ये कार्बन घालून लिहितोय. बाळ्या शेजारच्याच खोलीत आहे, तरी त्याची प्रत त्याला टपालानं जाईल. तोंडी सांगितलं की तो मध्ये बोलतो.

गाडी आज सकाळी गेली. चष्मेवाल्याला, साडेसहाला, मालकाशिवाय. तो जाताना फसलो म्हणाला. तो गेल्यावर मीही स्टुलावर बसून तेच म्हणालो. दोघांनाही फसल्यासारखं वाटलं म्हणजे भाव वाजवी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुमच्या बोल्या मी बाद केल्या आहेत. कारण: बोली लावणाऱ्या दोघांकडेही पैसे नाहीत. अशा बोलीला बाजारात किंमत नसते. मात्र बाळ्याच्या टेबलावर सापडलेली ती पत्रं मी टाकलेली नाहीत. कोटाच्या आतल्या खिशात आहेत. का ठेवली ते विचारू नका.

काचेत बसायचं मी का नाकारलं ते सांगतो. काल संध्याकाळी त्यानं मला नमुन्यादाखल दुकानात खुर्चीवर बसवून बघितलं. लोक खरोखर थांबले. पुष्कळ थांबले. माझ्याकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, आणि गेले. एकानंही विचारलं नाही की जेवलात का. मला वाटलं होतं, माझा भाव चढला की मला बरं वाटेल. आठवडाभर वाटलंही. पण तो भाव नाकाचा होता.

आता जे मी पाहणीत लिहिलं नाही ते लिहितो. गाडीचा भाव मला पहिल्याच दिवशी माहीत होता. साडेसहा. गॅरेजचं दार उघडलं तेव्हाच कळला होता, इतकी वर्षं हेच केलंय. पण भाव ठरला की गाडी जाणार, गाडी गेली की घर जाणार, आणि मग तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात बॅग घेऊन उभं राहायचं. त्या दारात तुमचे चेहरे कसे होतील याची मला धास्ती होती. म्हणून मी घसारा काढत बसलो. बुडालेल्या गाडीचा मालक आकडा ऐकायला नको म्हणून मला चहा घ्या, पाणी घ्या करायचा, तसंच ते होतं.

गुडघ्यांचा विचार करता आधी ताईकडे येतो. मंगळवारी दुपारच्या गाडीनं, बाळ्या सोडायला येईल. जावईबापूंना सांग, पेट्या विकू नयेत. खोलीत कुणीतरी असलेलं मला चालतं. पंप गुरगुरला तर उलट बरंच, तुझी आई घोरायची.

अप्पा


२४ एप्रिल

बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. पडदा लावला, पलंग आणला, कठडा झाला, हे सगळं वाचलं. अप्पांना न्यायला कधी येऊ, हेही वाचलं.

इथं ठीक आहे. म्हणजे रोज भांडण होतं, पण ठीक आहे. अप्पांनी फ्रीजची पाहणी केली, शिलाई मशीनची केली, परवा ह्यांची केली. हे आता पोट आत घेऊन चालतात. एकच पेटी विकली गेली, बाकीच्या खोलीत आहेत. रात्री दिवा मालवला की अप्पा माशांना दिवसभराचं सगळं सांगतात. माझ्याविषयीही सांगतात. भिंतीतून ऐकू येतं, आणि ते मला ऐकू यावं म्हणूनच जरा मोठ्यानं सांगतात.

काल एक गोष्ट झाली. वरच्या मजल्यावरच्या बाई काहीतरी मागायला आल्या. दारात उभ्या राहून आत डोकावल्या, अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. बाईंनी सहज विचारलं, "वडील का? किती दिवस आहेत?" त्यांच्या मनात काही नव्हतं. आल्यागेल्याबद्दल विचारतात तसं विचारलं. पण आतून पेपराचा आवाज थांबला. हे स्वयंपाकघरात हातातली बशी तशीच धरून उभे राहिले.

मी म्हटलं, "दिवस कसले? जायचे नाहीत ते. आमचे आहेत."

बाई बरं म्हणून गेल्या. मी दार लावलं. अप्पा पेपरामागूनच म्हणाले, "असं गिऱ्हाइकासमोर पटकन बोलू नये. भाव चढतो." मी म्हटलं, "चढू दे. आम्हाला कुठं विकायचंय?"

अप्पा पेपर तोंडासमोर तसाच धरून बसले होते. मग ह्यांनी बशी ठेवली आणि बाहेर येऊन विचारलं, "अप्पा, जेवलात का?" आम्ही तिघं एकत्रच जेवलो होतो, ह्यांनीच वाढलं होतं. तरी अप्पांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "थोडं घेईन अजून."

तेव्हा रविवारी ये. बायकोला घेऊन ये, जेवायला ये, चार दिवस राहायला ये. न्यायला येऊ नकोस.

ताई